"मोजला तेव्हा बरोबर होता मॅडम": रबाळ्याच्या एका शॉपमधलं ट्रेनिंगचं प्रकरण

मी रबाळे एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटी बघते. कंपनीचं नाव सांगत नाही, ठाणे-बेलापूर रोडवरनं आत वळलात की असे गाळे ढिगानं सापडतील, पत्र्याची शेड, सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे) लेथ, मागं पारसिकचा डोंगर आणि पुढं टेम्पो लावायला जागा नाही. माणसं तीसेक. एचआर म्हणून वेगळं कुणी नाही, अकाउंट्सच्या मॅडमच हजेरी आणि पगार बघतात, त्यामुळं ट्रेनिंग हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला की फिरत फिरत तो माझ्याच टेबलावर येऊन पडतो. हे प्रकरण तसंच पडलेलं. आणि यात चूक कुणाची हे शोधताना बरीचशी माझीच निघाली, ते पण लिहिते.

जॉब, म्हणजे मशीनवर काढायचा पार्ट, साधा होता. स्टीलचा फ्लँज, बाहेरचा डाया (व्यास) ८० एमएम, टॉलरन्स (चालणारा फरक) स्मॉल एच-७, म्हणजे ८०.००० ते ७९.९७० च्या मधे कुठंही चालेल. तीस मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. डोक्याचा केस याच्यापेक्षा जाड असतो. बाहेरचा डाया मोठा राहिला तर परत एक हलका कट मारून साईजला आणता येतो, पण एकदा कमी झाला की संपलं, काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, सरळ भंगारात.

एप्रिल संपत आला तसं या पार्टचं रिजेक्शन वाढायला लागलं, सगळं अंडरसाईज. मजा अशी की फर्स्ट शिफ्टला मामा असला की एक पीस जात नव्हता. मामा म्हणजे आमचा सेटर, मशीन लावून देणारा, सगळे मामाच म्हणतात, तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. सेकंड आणि नाईटला तीन नवीन पोरं, एक मुरबाडचा आयटीआय टर्नर, एक पाटणकडचा, एक ओडिशाचा. त्यांच्या शिफ्टचे पीस सकाळी मी मोजले की ७९.९६६, ७९.९६४ असले काहीतरी आकडे. पोरांना विचारलं की तिघंही एकच सांगायची, मोजला तेव्हा बरोबर होता मॅडम. ओडिशाचा पोरगा हिंदीत सांगायचा, बाकी वाक्य तेच.

मला वाटलं खोटं बोलतायत. मोजलंच नसेल, मोबाईल बघत बसले असतील, आणि रिपोर्ट शीटवर ७९.९८० लिहून मोकळे. मी नॉन-कन्फर्मन्स रिपोर्ट भरला, कारणाच्या चौकटीत लिहिलं "ऑपरेटरचा निष्काळजीपणा", उपायाच्या चौकटीत लिहिलं "ऑपरेटरला ट्रेनिंग दिले". ज्यांनी असले रिपोर्ट भरलेत त्यांना ही दोन वाक्यं पाठ असतील. काहीही बिघडू दे, शेवट ट्रेनिंग दिले. कस्टमर पण बंद करतो, ऑडिटर पण बंद करतो.

कॅन्टीन आणि पीपीटी

ट्रेनिंग दिले असं लिहिलं म्हणून द्यावं तर लागणारच. शनिवारी दुपारी कॅन्टीनमधे टेबलं बाजूला सारली, प्रोजेक्टर आणला, बावीस स्लाइड. व्हर्नियर म्हणजे काय, मायक्रोमीटर (मायक्रॉनपर्यंत मोजायचं स्क्रूचं साधन) म्हणजे काय, लीस्ट काउंट, झिरो एरर, क्वालिटीचं महत्त्व, शेवटी हात जोडलेलं धन्यवाद. समोसे होते. नाईट करून आलेला पाटणचा पोरगा पाचव्या स्लाइडला झोपला, मी उठवला नाही. नंतर दहा मार्कांची टेस्ट, तिघांनाही आठच्या वर. हजेरीच्या कागदावर सह्या, फाईलला लावला.

मग भिंतीवरचं स्किल मॅट्रिक्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नावं उभी, मशीनं आडवी, प्रत्येक चौकोनात एक गोल, गोलाचे चार भाग. काही येत नाही तर रिकामा, शिकतोय तर पाव, देखरेखीखाली करतो तर अर्धा, एकटा करतो तर पाऊण, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण. मामाचे सगळे गोल काळेकुट्ट. पोरांचे मी त्या दिवशी पावचे अर्धे केले. मशीनवर त्यांच्याजवळ दहा मिनिटं सुद्धा उभी न राहता, स्केचपेननं.

पुढच्या आठवड्यात पाच पीस गेले.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसानं १९५९ मधे ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, लोकांना आवडलं का, लोकांना समजलं का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि धंद्याला फरक पडला का. आम्ही समोसे आणि टेस्टवर, म्हणजे दुसऱ्या पायरीवर थांबलो होतो. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.२ कलमात पण लिहिलंय की जे केलंत त्याचा उपयोग झाला का ते तपासा. तपासा म्हणजे आम्ही काय करायचो, त्याच टेस्टचा कागद परत दाखवायचो.

"मामाजवळ बस, शीक"

साहेब म्हणजे मालक, ते चिडले आणि त्यांनी जुना उपाय काढला. प्रत्येक पोरानं तीन तीन दिवस मामाजवळ उभं राहायचं. बघून शिकायचं, आम्ही असेच शिकलो. हे पूर्ण चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण मामा बोलत नाही. हात चालतात, तोंडात तंबाखू, काही विचारलं तर "बघ, असं". आणि ते असं तीन सेकंदांत होऊन गेलेलं असतं.

यातनं काय झालं बघा. मुरबाडचा पोरगा मामाकडून एक गोष्ट एकदम पक्की शिकला, मायक्रोमीटरचं रॅचेट न वापरता थेट थिंबल, म्हणजे आकड्यांची नळी, फिरवून मोजायचं. रॅचेट म्हणजे टोकाला असतं ते छोटं चाक, त्यानं फिरवलं की ठरावीक दाब आला की टिक टिक वाजून सुटतं, म्हणजे कुणीही मोजलं तरी दाब सारखा. मामा ते हातच लावत नाही, अंगठ्याच्या फीलवर मोजतो आणि त्याचं बरोबर येतं, तीस वर्षांचा अंगठा आहे तो. पोरानं तशीच ऐट मारली, जरा जोरात आवळला की मायक्रॉन-दोन मायक्रॉन कमीच दाखवणार. बघून शिकताना पोरं बरोबर तेच उचलतात जे लांबून भारी दिसतं.

शेवटी मीच जाऊन बसले. मशीन नंबर चारशेजारी प्लॅस्टिकचा क्रेट उलटा केला, वही घेतली, आणि मामा जे करेल ते लिहायचं ठरवलं, समजलं नाही तरी लिहायचं. पहिला दिवस फुकट गेला, मामाला वाटलं साहेबांनी टाइम स्टडीला बसवलंय, त्यानं सगळं हळू केलं. दुसऱ्या दिवशी चहा मी आणला. मग जरा मोकळा झाला.

जेवणानंतर कधीतरी लक्षात आलं. जॉब तयार झाला, मामानं चक, म्हणजे जॉब धरणारा जबडा, उघडला, जॉब काढला, कपड्यानं पुसला, बाजूच्या बिडाच्या प्लेटवर ठेवला. नवीन लावला, सायकल स्टार्ट. मग मोजायला घेतला, पण आत्ता काढलेला नाही, त्याच्या आधीचा. मी वही चाळली. सकाळपासून दर वेळी तेच.

"मामा, हा का मोजलात? हा तर मगाचचा."

"हाच मोजायचा असतो."

"आत्ता काढला तो का नाही?"

"तो गरम असतो ना." पाणी ओलं का असतं असं विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"पोरांना सांगितलंत कधी?"

"यात सांगायचं काय मॅडम? हाताला कळतं की."

मी तिथंच मोबाईलवर हिशोब केला. स्टील एक डिग्री तापलं की मीटरमागं साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब ८० एमएमचा. कूलंट (जॉबवर सोडायचं गार पाणी) चालू असतं, पण मे महिन्यात टाकीतलं कूलंटच कोमट झालेलं, जॉब मायक्रोमीटरपेक्षा पंधरा डिग्रीनं गरम धरला तर फरक येतो जवळजवळ १४ मायक्रॉन. आपल्याकडे एकूण जागा तीस. पोरगा गरम जॉब मोजतो, ७९.९८० दिसतो, मधोमध, खूश, तोच ऑफसेट (मशीनला दिलेली साईजची दुरुस्ती) ठेवून पुढचे पीस काढत राहतो. सकाळी तोच पीस गार झालेला माझ्या टेबलावर, ७९.९६६. मोजला तेव्हा बरोबर होता मॅडम. होताच.

अजून एक. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, बदलला की मामा पहिला पीस काढून प्लेटवर ठेवायचा, मशीन बंद आणि तो चहाला. यावर सुपरवायझरनं साहेबांकडे तक्रार पण केलेली, मामा मशीन थांबवून टाइमपास करतो म्हणून. तो पीस गार व्हायची वाट बघत होता. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

आणि माझं पण सांगते. क्वालिटी रूमला एसी आहे, बावीसवर. बाहेर शेडमधे छत्तीस-सदतीस. घाई असली की मी पीस आत आणून लगेच मोजायची, म्हणजे पीस शेडच्या तापमानाचा आणि माझं मायक्रोमीटर गारठलेलं. म्हणजे पोरं जी चूक करत होती तीच मी एसीत बसून करत होते, आणि काही अंडरसाईज पीस मीच पास करून पाठवले असणार. पोरं कुजबुजायची की मॅडमकडे पण कधी पास कधी फेल होतं, ते उगाच नव्हतं. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० डिग्री आहे, पण आमच्यासारख्या शॉपला वीसचा हट्ट धरायची गरज नाही, जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे, दोघं एकाच तापमानाला आले की काम भागतं.

कागद

आता हे पोरांपर्यंत न्यायचं कसं. अजून एक स्लाइड वाढवून काही होणार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत सेम हीच अडचण आली होती, जाणते कारागीर कमी आणि कारखान्यात सगळी नवखी माणसं, तेव्हा १९४० मधे सरकारनं ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून कार्यक्रम काढला, टीडब्ल्यूआय म्हणतात. त्यात सुपरवायझरलाच शिकवायला शिकवायचे, दोन दोन तासांची पाच सेशन, आणि खिशात ठेवायला एक कार्ड. युद्धानंतर ते जपानात गेलं, पन्नाशीच्या दशकात टोयोटानं उचललं आणि अजून वापरतात. चार पायऱ्या आहेत, आधी माणसाला तयार करा, मग करून दाखवा, मग त्याला करू द्या, मग लक्ष ठेवा. त्यांचं एक वाक्य मला फार लागलं, माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. मी तर रिपोर्टमधे निष्काळजीपणा लिहून बसलेले.

पण या चार पायऱ्यांच्या आधी एक काम असतं आणि खरी मेहनत तिथंच आहे. कामाचे तुकडे पाडायचे. एक कागद, तीन रकाने: काय करायचं, कुठं जपायचं, का. माझ्या पहिल्या कागदावर एकवीस ओळी झाल्या, मामानं बघितला आणि म्हणाला एवढं वाचेपर्यंत जॉब गंजेल. बरोबर होतं. कापत कापत सहावर आणला. उदाहरण देते. काय करायचं: मायक्रोमीटर झिरो करा. कुठं जपायचं: ७५ एमएमच्या सेटिंग रॉडनं (बरोबर तेवढ्याच लांबीचा दांडा), रॉड प्लॅस्टिकच्या पकडीवरच धरायचा. का: हाताच्या उबेनं रॉड वाढतो. पुढची ओळ, मागचा पीस मोजा, आत्ताचा नाही. तिसरी, रॅचेटचे तीन टिक.

रॅचेटवरून मामा रुसला. म्हणाला मग मी काय इतकी वर्षं चुकीचं मोजलं का. नाही मामा, तुमचं बरोबरच आहे, पण तुमचा अंगठा मी त्यांना देऊ शकत नाही ना. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. जुन्या माणसाचं सगळंच शिकवायचं नसतं, काही झाकलेलं बाहेर काढायचं असतं आणि काही दिसणारं मागं ठेवायचं असतं, आणि हे त्याच्या तोंडावर त्याचा मान ठेवून सांगायचं म्हणजे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम.

पहिला ओडिशाचा पोरगा घेतला. मुद्दाम, कारण त्याला मराठी वाचता येत नव्हतं आणि कागद मराठीत होता, म्हटलं याला जमलं तर सगळ्यांना जमेल. आधी विचारलं, आत्तापर्यंत काय काय येतं. मग एकदा नुसतं करून दाखवलं, मग परत करताना कुठं जपायचं ते बोलून, मग तिसऱ्यांदा का ते बोलून. का सांगताना सेटिंग रॉड त्याच्या हातात दिला, उघड्या धातूला मुठीत धर म्हटलं, दोन मिनिटं. तो हसायला लागला. मग डिजिटल मायक्रोमीटरमधे लावला, ७५.००४. पोरगा गप्प. परत प्लेटवर ठेवला, थोड्या वेळानं लावला, ७५.००० वर आला. चेहऱ्यावर कळलं की पोचलं, माझ्या बावीस स्लाइडनी ते झालं नव्हतं.

मग त्याची पाळी. पहिल्यांदा नुसतं कर, बोलू नको. चुकला तिथं लगेच थांबवला, चूक हाताला बसायच्या आत. मग परत कर आणि प्रत्येक ठिकाणी काय जपतोस ते तू मला सांग. इथं लबाडी चालत नाही. "समझ गया क्या" विचारलं की जगातला प्रत्येक माणूस हो म्हणतो, पण करता करता का सांग म्हटलं की जे कळलं नाही ते उघडं पडतं. गरम जॉब का मोजायचा नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मॅडम, पुरी कढाई से निकली तो फूली रहती है, बाद में बैठ जाती है. शास्त्र म्हणून हे साफ चुकीचं आहे, पुरीत वाफ असते. मी दुरुस्त केलं नाही.

एका पोराला पाऊण तास लागला. साहेबांचं पहिलं वाक्य, पाऊण तास मशीन थांबलं त्याचं काय. मी भंगाराच्या बिनमधले चौदा पीस टेबलावर मांडले, त्या महिन्याचे, आणि मटेरियल धरून प्रत्येकाचा खर्च खडूनं वर लिहिला. पुढं काही बोलले नाहीत. लक्ष ठेवायचा भाग मी असा केला, पहिल्या दिवशी तासाला एक चक्कर, मग शिफ्टला दोन, मग आठवड्यातनं एकदा. नाईटला मी नसते, तिथं मुरबाडच्या पोराला सांगितलं दुसऱ्याचा एक पीस तू मोजायचा. स्किल मॅट्रिक्सवरचे माझे अर्धे केलेले गोल खोडून परत पाव केले, ऑडिटरनं विचारलं स्किल कमी कसं झालं, म्हटलं झालं नाही, आत्ता कुठं बघितलं.

फरक पडला का

जूनमधे या पार्टचे तीन पीस गेले, तिन्ही इन्सर्ट तुटल्यामुळं, मोजण्यामुळं एकही नाही. साहेब खूश, मला सगळ्यांसमोर शाबासकी. पण मला ते पटत नव्हतं. जूनमधे पाऊस लागला, शेड गार झाली, कूलंट गार झालं, जॉब तसाही कमी गरम निघत होता. कागदामुळं झालं की पावसामुळं, कोण सांगणार. जुलैमधे हे बोलले तर सगळ्यांना वाटलं मॅडमला चांगलं बघवत नाही.

म्हणून पुढच्या एप्रिल-मेची वाट बघितली. दरम्यान पाटणचा पोरगा दोन हजार जास्त मिळतात म्हणून महापेला दुसरीकडे गेला, शिकवलेला माणूस जातोच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. त्याच्या जागी दोन अप्रेंटिस आले, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचे, स्टायपेंडवर. म्हणजे परीक्षा चांगली होती, उन्हाळा तोच, जॉब तोच, आणि पोरं अजूनच नवीन. दोन महिन्यांत अंडरसाईज दोन पीस. आणि एक पीस उलट मोठा राहिलेला, कारण पोरानं मायक्रोमीटरच मशीनच्या गरम पत्र्यावर ठेवलेलं, म्हणजे मायक्रोमीटर गरम आणि जॉब गार, उलटी गंमत. ती ओळ कागदावर नव्हती. आता आहे, पेननं लिहिलेली, मामाच्या अक्षरात.

त्या अप्रेंटिसना मी शिकवलं नाही, ओडिशाच्या पोरानं शिकवलं. मी लांब उभी राहून ऐकत होते. रॉड मुठीत धरायला लावला, ७५.००४ दाखवला, आणि पुरीची गोष्ट सांगितली. मामा शेजारच्या मशीनवर होता. पोरं बघत असली की तो आता रॅचेट फिरवतो, टिक टिक टिक, जरा जास्तच मोठ्यानं, आणि पोरं वळली की परत अंगठा.

आता थ्रेडिंगचा, म्हणजे आटे पाडायचा जॉब बाकी आहे, तो मामाशिवाय कुणाला नीट येत नाही, आणि मामा मार्चमधे रिटायर होतोय. सोमवारपासून परत क्रेट उलटा करून बसणार आहे, चहा मी आणायचा या अटीवर.